चाळीस सेकंदांची दवंडी

करंजटाकळीत मुंजाजीचा आवाज प्रत्येक घराच्या माजघरापर्यंत जायचा. मुंजाजी मात्र ओट्याच्या पायरीशीच थांबायचा. गावाला यात काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर मुंजाजीलाही वाटत नव्हतं, कारण वेशीबाहेरच्या वस्तीत जन्मलेल्या माणसाला कुठली पायरी आपली आणि कुठली नाही, हे चालायला शिकण्याआधी शिकवलेलं असतं. कागदोपत्री तो ग्रामपंचायतीचा शिपाई होता आणि गावाच्या लेखी दवंडीवाला. बापाची हलगी गळ्यात पडली तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता तो पंचावन्नीला टेकला होता.

मांजरसुंब्याहून आत डोंगराकडे वळलं की आठ-नऊ किलोमीटरवर हे गाव लागतं. मधून ओढा जातो, त्याच्या अलीकडे एक वस्ती, पलीकडे दोन. मुंजाजीच्या दवंडीचे मुक्काम ठरलेले होते. वेस झाली की चावडी, मग मारुतीचा पार, मशिदीचा कट्टा, आणि ओढा ओलांडून वरच्या वस्त्या. प्रत्येक ठिकाणी तो हलगीवर चार ठोके टाकायचा, डावा हात कानाला लावायचा आणि ‘ऐका हो’ म्हणून सुरू करायचा. निरोप संपला की शेवटी एक लांबलचक ‘होऽऽ’ सोडायचा. त्या ‘हो’नंतर दवंडी संपली. पुढे तो खोकला, कोणाला विडी मागितली, कोणाशी चार शब्द बोलला, तर ते कानावर पडूनही गाव ऐकत नसे. हा करार कुठे लिहिलेला नव्हता, पण चाळीस वर्षं दोन्ही बाजूंनी पाळला होता.

दवंडीत काय सांगायचं ते ग्रामपंचायत ठरवायची. काय सांगायचं नाही, ते मुंजाजी ठरवायचा. कोणाची सून रागाने घर सोडून गेली, तर तो एवढंच म्हणायचा की एक बाईमाणूस वाट चुकलंय, दिसलं तर चावडीवर कळवा. नाव नाही, घर नाही, आणि कारण तर नाहीच. ज्यांची सून गेली त्यांना कळायचं, ज्याला दिसली त्याला कळायचं, बाकीच्यांनी आपापल्या भाकरी खाव्यात, असा त्याचा हिशोब होता. एकदा नाव घेतलं नाही म्हणून एका बड्या शेतकऱ्याने चावडीवर त्याच्या थोबाडीत मारली होती. मुंजाजीने गाल चोळला, हलगी उचलली आणि पुढच्या मुक्कामाला जाऊनही नाव घेतलं नाही.

अशा माणसाच्या घरात एक गोष्ट झाकलेली होती. त्याची एकुलती एक लेक वनमाला सोळाव्या वर्षी शाळेच्या मैदानात पडली, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. गावात ‘ऊन लागलं’ असं सांगून मुंजाजी आणि त्याची बायको तिला घेऊन अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सांगितलं, फेफरं आहे, रोज गोळी घ्यायची, चुकवायची नाही. बाकी पोरीने शिकावं, काम करावं, लग्न करावं, काही अडत नाही. पोरीने गोळी चुकवली नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली त्या दिवशीही तिने सरण पेटायच्या आधी आठवणीने गोळी घेतली होती. तीन वर्षं तिला एकदाही फिट आली नव्हती. बारावी झाली होती आणि गावातल्या बालवाडीत ती मदतनीस म्हणून जात होती. लहान पोरांचं नाक पुसावं, डबे उघडून द्यावेत, रडणाऱ्याला कडेवर घ्यावं, हे तिला इतकं आवडायचं की सुट्टीच्या दिवशी ती घरात नुसती फिरत राहायची.

मग गावात गावहाक आली. सरपंच होत्या प्रियदर्शनीताई, पण त्या सही करायच्या; कारभार त्यांचे यजमान मोहनराव बघायचे. मोहनराव कुठल्याशा गावाला जाऊन ही सोय बघून आले आणि त्यांनी ती करंजटाकळीत आणली. सोय साधी होती. एक नंबर लावायचा, टूं वाजलं की बोलायचं. चाळीस सेकंदांत जे बोलाल ते गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फोन होऊन जाणार. चोर आला, आग लागली, बिबट्या दिसला, माणूस हरवलं, तर एका फोनवर अख्खं गाव जागं. पुण्याला कामाला गेलेली पोरं, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या टोळ्या, गेवराईला दिलेल्या लेकी, सगळ्यांचे नंबर त्यात घातले होते.

मुंजाजीची हलगी त्या दिवशी खुंटीला लागली. तो चावडीच्या पायरीवर जाऊन बसला, तेव्हा मोहनरावांना त्याची दया आली, किंवा मशिनमधल्या बाईच्या सपक आवाजापेक्षा याचा आवाज बरा, असं त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी त्याला सांगितलं, मुंजा, सूचना तूच बोलत जा, फक्त फोनमध्ये. मुंजाजी एवढा खूश झाला की दोन दिवस त्याने वस्तीतल्या प्रत्येकाला सांगितलं, आता आपला आवाज पुण्यालाबी जातो.

फोनवर दवंडी द्यायची त्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. तो अंगणाच्या मधोमध उभा राहायचा, डावा हात कानाला, उजव्या हातात फोन तोंडापासून हातभर लांब, आणि असा ओरडायचा की शेजारच्यांना फोन उचलायची गरजच पडू नये. ‘बोलून झालं की लाल बटण दाब,’ असं त्याला दहादा शिकवलं होतं. पण शेवटचा ‘होऽऽ’ सोडला की दवंडी संपली, हे त्याच्या हाडात मुरलेलं. ते बटण वनमाला दाबायची. ती शेजारी उभी राहायची, बापाचा ‘हो’ संपत आला की बोट पुढे करायची आणि फोन काढून घ्यायची. सात-आठ महिने असं सुरळीत चाललं.

गावाने सुरुवातीला कौतुकाने ऐकलं, मग कंटाळून ऐकलं, मग ऐकायचं सोडलं. ‘ऐका हो’ आलं की लोक फोन कापायचे.

फाल्गुनात वनमालाला स्थळ आलं. मुलगा रामेश्वर, गेवराईचा, एका खाजगी दवाखान्यात कंपाउंडर, शांत, निर्व्यसनी. बघून गेले होते, पसंती कळवली होती, आता सुपारी फोडायला पाहुणे यायचे होते. वनमाला बापाला म्हणाली की आजाराचं सांगून टाका. मुंजाजी म्हणाला, सांगू. ती म्हणाली, कधी? तो म्हणाला, वेळ आल्यावर. दुसऱ्यांच्या घरातलं झाकण्यात ज्याची हयात गेली, त्याला आपल्या घरातलं उघडं करायला जीभ वळेना. झाकलं की माणूस वाचतो, हे त्याने चाळीस वर्षं बघितलं होतं. त्याचं चुकलं ते इथे, आणि ते चुकणं त्याच्या चांगुलपणातूनच आलं होतं.

सुपारीच्या दिवशी सकाळी मोहनरावांचा निरोप आला, उद्या चावडीपुढे जनावरांना लस टोचणार आहेत, सूचना दे. वनमाला आत चुलीपुढे होती, हात पिठाचे. तिने नंबर लावून फोन दारातूनच बापाच्या हातात दिला आणि पुरण करपेल म्हणून परत पळाली. मुंजाजी अंगणात गेला, हात कानाला लावला आणि ठणठणीत आवाजात सूचना दिली: उद्या सकाळी आठ वाजता, लाळ्या-खुरकुताची लस, जनावरं घेऊन चावडीपुढे या, होऽऽ. मग त्याने फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकला आणि घरात आला.

“ती गोळी खाल्ली का?” तो दारातूनच म्हणाला. “पाव्हणे बसलेत तवर तरी फिट यायला नगं बाई. एकदा अक्षदा पडू दे, मग सांगू त्यांना. आता तोंडातून शब्द काढू नको.”

वनमाला बापाला दादा म्हणायची. ती म्हणाली, “घेतली दादा. पण मी आजच सांगणार हाय. फसवून संसार न्हाई करायचा मला.”

तिचं हे बोलणं गावात कोणालाही ऐकू गेलं नाही. चाळीस सेकंद संपले होते.

बाकीचं सगळ्यांना ऐकू गेलं. ज्यांनी फोन आधीच कापला होता त्यांना शेजाऱ्यांनी हाका मारून सांगितलं. रामेश्वरची सख्खी मावशी बायनाबाई याच गावात दिलेली होती, मधल्या आळीत. तिच्या कानाला फोन होता, त्यावरूनच तिने लगेच गेवराईला लावला. पाहुण्यांची जीप निघालेली होती. ती मांजरसुंब्यापर्यंत आली, धाब्यावर थांबली, तिथे सगळ्यांनी चहा घेतला आणि जीप मागे फिरली. घरात पुरणाचा स्वयंपाक झालेला, दारात पाणी मारलेलं, आणि मुंजाजी दुपारी दोनपर्यंत रस्त्याकडे बघत उभा. काय झालं ते त्याला वस्तीतल्या एका म्हातारीने येऊन सांगितलं; वनमालाचाही फोन वाजला होता, पण सूचना बापाचीच म्हणून तिने तो उचलला नव्हता. संध्याकाळी रामेश्वरचा वनमालाला फोन आला. तो म्हणाला, दवाखान्यात काम करतो, मला या आजाराचं काही वाटत नाही, पण तुमी लपवलं, घरचे ऐकत न्हाईत. ती ‘बरं’ म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने बापाला जेवायला वाढलं. पुरणपोळीच वाढली, कारण घरात दुसरं काही केलेलं नव्हतं.

आता गावाची गंमत बघा. कोणी वाईट बोललं नाही. उलट बायका घरी येऊन गेल्या, तिच्या तोंडावरून हात फिरवून ‘कावून लपवलं गं’ म्हणाल्या, आणि जाताना दारापासून चार पावलांवर जाऊन हसल्या. कोणीतरी ती दवंडी फोनमध्ये धरून ठेवली होती. तिच्यामागे हलगीचा ठेका टाकून कोणीतरी ती ग्रुपवर सोडली. जनावरांना लस आणि पोरीला गोळी, ही जोडी गावाला फारच आवडली. चार दिवसांत ‘ती गोळी खाल्ली का?’ हे चहाच्या टपरीवर राम राम करण्याच्या ऐवजी म्हटलं जाऊ लागलं. परक्या नंबरांवरून वनमालाला फोन येऊ लागले. उचलला की पलीकडून तेवढंच वाक्य आणि खिदळणं. तिने फोन बंद करून ठेवायला सुरुवात केली. बालवाडीच्या बाईंनी तिला बोलावून फार मायेने सांगितलं की तू थोडे दिवस आराम कर, पालक घाबरतात, पोर कडेवर असताना काही झालं म्हणजे? तीन वर्षांत काही झालं नव्हतं, हे बाईंनाही माहीत होतं.

मुंजाजी मोहनरावांकडे गेला. पायरीशी उभा राहून त्याने हात जोडले आणि विचारलं, ते बोलणं परत घेता येतंय का, पुसता येतंय का. मोहनराव ओट्यावर पेपर वाचत होते.

“आरं, ते आता लोकांच्या खिशात हाय,” ते म्हणाले. “मी काय समद्या गावाचे खिसे उलटे करू?”

मग मुंजाजी म्हणाला, निदान आता सूचना दुसऱ्या कोणाकडून बोलवून घ्या. यावर मोहनराव पेपर बाजूला ठेवून हसले. त्यांनी त्याला सांगितलं की पूर्वी शंभरातले ऐंशी जण फोन कापायचे. आता सगळे शेवटपर्यंत ऐकतात, ‘हो’ झाल्यावरही कानाला लावून बसतात, न जाणो म्हातारा पुन्हा विसरला तर. त्यांना ते मनापासून चांगलं वाटत होतं. सूचना लोकांपर्यंत पोचायला हव्यात, ही त्यांची तळमळ खोटी नव्हती. मुंजाजी परत आला आणि पुढचे दोन महिने बोलत राहिला, पाणी सुटण्याची वेळ, रेशनची तारीख, लाइट जाण्याचा वार. वनमाला शेजारी उभी राहून बटण दाबायची. काम सोडलं तर शिपाईपण जाईल, आणि मग दोघांनी कुठे जायचं, हे दोघांनाही कळत होतं.

एवढ्या काळात त्याने एकच गोष्ट मनाशी धरली होती. पोरीबद्दल पुन्हा त्या फोनमध्ये अवाक्षर जाऊ द्यायचं नाही.

वैशाखातल्या एका सकाळी वनमाला सात वाजता घरातून निघाली. बायनाबाईच्या शेतात कांदा काढायला जाते म्हणाली. मुंजाजीला बरं वाटलं. पोर घराबाहेर पडतेय, आणि तेही ज्या बाईने लग्न मोडलं तिच्याकडे, म्हणजे मनातलं निवळतंय. अकराच्या सुमारास तो तिच्यासाठी भाकरी घेऊन शेतावर गेला. बायनाबाई म्हणाली, ती आलीच न्हाई. मी तिला बोलावलंच न्हवतं.

तो घरी आला. फोन लावला, तो बंद होता. देवळीत हात घातला तर गोळ्यांची पट्टी तिथेच होती, दोन गोळ्या शिल्लक, काल होत्या तेवढ्याच. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा गोळी घेतली नाही, असं त्याने धरलं, आणि न घेण्याचं कारणही त्याच्या मनात लगेच उभं राहिलं.

आधी तो एकटाच धावला. रिवाज तसाच होता, आधी घरच्यांनी फिरायचं, मग दवंडी. वेशीजवळची विहीर बघितली, मळ्यातली बघितली, ओढ्याचा डोह बघितला. प्रत्येक विहिरीच्या काठावर पोटावर पडून तो पाण्यात बघायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला तिथे पूर्वी निघालेलं कोणी ना कोणी आठवायचं, कारण त्या सगळ्यांच्या दवंड्या त्यानेच दिल्या होत्या. गावच्या शिवारात तीसेक विहिरी होत्या. चौथ्या विहिरीवर त्याला कळून चुकलं की एकट्याच्याने होणार नाही.

तो तिथेच बांधावर बसला, फोन हातात घेऊन. एक फोन केला की शंभर माणसं पाण्यात उतरणार. आणि एक फोन केला की पोरीचं नाव पुन्हा गावाच्या तोंडात जाणार. त्याने पहिल्यांदा मनात जुनी दवंडी जुळवली: एक बाईमाणूस वाट चुकलंय. पण नुसत्या बाईमाणसासाठी कोण विहिरीत उतरणार? ती पडली असेल, तोंड चिखलात असेल, आणि लोक नुसते रस्त्याकडे बघत बसतील. लाज मोठी की जीव मोठा, असा प्रश्न बापाला पडला की त्याचं उत्तर ठरलेलं असतं. त्याने नंबर लावला.

“ऐका हो,” तो म्हणाला, पण आवाज वर गेला नाही. “माझी वनमाला, सकाळपासून घरी न्हाई. निळा ड्रेस हाय अंगात. तिला फिट येती. आज गोळी घेतलेली न्हाई. हिरीत, डोहात, बांधाच्या कडंला बघा रे बाबांनो. माझी एकच लेक हाय. हो.”

या वेळी त्याने लाल बटण स्वतः दाबलं. नीट दाबलं आणि दाबलं गेलं का तेही बघितलं.

गावाबद्दल मी एवढं वाईटसाईट बोललो, तर हेही सांगितलं पाहिजे. गाव उठलं. टपऱ्यांवरचे चहा तसेच राहिले. ज्यांनी ठेका टाकून ते गाणं केलं होतं, तीच पोरं दोर बांधून विहिरीत उतरली. मशिदीच्या कट्ट्यावरच्या चाँदभाईंनी आपला टेम्पो काढला आणि डोंगराकडच्या पायवाटा बघायला नेला. बायका ओढ्याच्या दोन्ही काठांनी हाका मारत निघाल्या. बायनाबाई तर अनवाणी धावली. मुंजाजीच्या पाठीवर त्या दुपारी इतके हात पडले, की आयुष्यात कधी पडले नसतील. आणि या सगळ्या चांगुलपणात कोणीतरी बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला फोटो काढून त्यातला वनमालाचा चेहरा वेगळा केला, खाली बापाचं बोलणं लिहिलं आणि पुढे पाठवलं. एकाने बीडला, एकाने केजला, एकाने अंबाजोगाईला. वाटेत ‘फिट येते’चं ‘डोक्यावर परिणाम आहे’ झालं. त्याच्याही पुढे ‘लहान मुलांपासून सांभाळा’ असं कोणीतरी घातलं. घालणाऱ्याला बहुधा बालवाडीचं काहीतरी अर्धवट कानावर आलं असावं.

साडेतीन वाजता मोहनरावांचा फोन वाजला. ते ओरडले नाहीत, पण फोन वर धरून नुसते हलवू लागले, आणि सगळ्यांना समजलं. पोरगी सापडली. जिवंत आहे, धडधाकट आहे, अंबाजोगाईत आहे. गावचे दोघेजण तिथल्या दवाखान्यात कामाला गेलेले होते, ते तिला जीपमध्ये घालून घेऊन येत होते. मुंजाजी चावडीपुढच्या धुळीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याला रडताना बघून आणखी चार-पाच जण रडले.

जीप आली तेव्हा पाचाचं ऊन होतं. मांजरसुंब्यापासून दहा-बारा मोटारसायकली तिच्यामागे लागल्या होत्या. वनमाला मधल्या सीटवर बसली होती, मांडीवर कपड्यांची पिशवी, डोळे समोर. लोकांनी फोन वर धरले होते. ती उतरली आणि कोणाकडे न बघता घरात गेली. मोहनराव मुंजाजीला म्हणाले, गावाचे आभार मान. मुंजाजीला कोणी सांगायची गरज नव्हती. अंगणात उभं राहून, हात कानाला लावून, पूर्वीच्या त्या ठणठणीत आवाजात त्याने फोनवरून साऱ्या गावाचे आभार मानले, मोहनरावांचे मानले, सोयीचे मानले, आणि म्हणाला, माझी लेक तुमी मला परत दिली, होऽऽ. इतक्या समाधानाने त्याने कधी दवंडी दिली नसेल.

मग तो आत गेला.

वनमाला भिंतीला टेकून बसली होती. त्याने काही विचारायच्या आत तिने सांगून टाकलं, एका दमात, चढउतार न करता. अंबाजोगाईत मुक्ताबाई नावाच्या एक बाई पाळणाघर चालवतात. दवाखान्यात गोळ्या आणायला गेली तेव्हा तिथल्या नर्सने पत्ता दिला होता. वनमालाने त्यांना आजाराचं आधीच सांगितलं होतं, पहिल्याच फोनवर. त्या म्हणाल्या होत्या, रोज गोळी घेतेस ना, मग ये, आमच्याकडेच राहा, पालकांशी मी बोलेन सावकाश. गोळ्यांच्या नव्या पट्ट्या पिशवीत होत्या. आजची तिने बसमध्येच घेतली होती. कांद्याचं खोटं सांगितलं, कारण पोचल्यावर, एक दिवस काम केल्यावर, रात्री बापाला फोन करायचा होता. अकरा मुलं होती तिथं. जेवण झाल्यावर तिने नऊ जणांना झोपवलं होतं. दहावं, वर्षाची एक मुलगी, तिच्या खांद्यावर झोपत होतं, तेवढ्यात त्या मुलीची आई फोन हातात घेऊन धावत आली. तिने फोनमधल्या फोटोकडे बघितलं, वनमालाकडे बघितलं आणि पोर खांद्यावरून ओढून घेतलं. पोर दचकून रडलं, मग सगळीच उठून रडू लागली. पाठोपाठ बाकीचे पालक आले. मुक्ताबाई सगळ्यांना समजावत राहिल्या, पण त्यांचं पाळणाघर त्या पालकांवरच चालतं. तोवर फोटोवरून माग काढत गावचे ते दोघे दारात आले होते. शेवटी त्या वनमालाजवळ आल्या आणि तिच्याकडे न बघता म्हणाल्या, तू आत्ता जा बाळ.

मुंजाजी उभाच होता. बाहेर कोणीतरी शिट्टी वाजवली, लोक अजून पांगले नव्हते.

“कावून सांगितलं न्हाई मला?” तो म्हणाला. “एवढी गोष्ट मला कावून न्हाई सांगितली?”

“तुमाला सांगितलं की गावाला सांगितल्यासारखंच हाय, दादा.”

ती रागावलेली नव्हती. राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. तिने पिशवी पुढे ओढली आणि एकेक कपडा काढून, घडी न मोडता, पेटीत परत ठेवू लागली. चार ड्रेस होते, आईचं एक लुगडं, आणि लहान मुलांची तोंडं पुसायला स्वतः शिवलेले सहा मऊ रुमाल. रुमाल तिने पेटीत ठेवले नाहीत. कुठे ठेवायचे ते न सुचल्यासारखी ती ते हातात धरून बसली.

मुंजाजी बाहेर आला. अंगणात चाँदभाई होते, बायनाबाई होती, विहिरीत उतरलेली पोरं ओल्या कपड्यांनी उभी होती. सगळ्यांचे चेहरे दमलेले आणि सुखावलेले होते. बायनाबाई पुढे आली, त्याच्या हाताला हात लावला आणि म्हणाली, “पोर घरी आली मुंजाबा. लई चांगलं झालं.”

मुंजाजीने एकदा घराकडे बघितलं आणि म्हणाला, “हो. लई चांगलं झालं.”